चष्मा कुठे मिळाला?

४ मार्च, मंगळवार

प्रिय चिंगी,

काल फोनवर मी तुझ्याशी धड बोलले नाही. मला रडू फुटलं की तुझा आवाज एकदम पोलिसासारखा होतो, आणि तो ऐकला की मला आणखी रडू येतं. म्हणून लिहायला बसले. दवाखान्याच्या बाकावर दुसरं करण्यासारखं काही नाही. मांडीवर पर्स, पर्सवर कागद, असा थाट आहे.

तुझा दादा अजून शुद्धीवर नाही. डोक्याला आतून सूज आहे, ती उतरेपर्यंत वाट बघायची असं डॉक्टर म्हणतात.

पहिल्यापासून सांगते. काल सकाळी हे नेहमीसारखे आपल्या काच-फ्रेमच्या दुकानात गेले. आपला कारागीर घुम्या आधीच येऊन मागे फ्रेमच्या पट्ट्या कापत होता. थोड्या वेळाने शेजारचा शिंपी धावत घरी आला, "वहिनी, चला, दादा पडलेत." मी अनवाणीच सुटले. बघते तर कामाच्या टेबलाजवळ हे आडवे. घुम्या ह्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसलेला, त्याचे हात कोपरापर्यंत लाल. आणि बाजूला हातोडी, तिच्यावरही रक्त.

शिंप्याने विचारलं, "काय केलंस रे?" तर म्हणे, "शिडीवरून पडले." बस, एवढंच. तुला आपलं दुकान माहीत आहे. शिडी कुठे, टेबल कुठे! शिडी आत काचांच्या मांडणीमागे, त्या बोळात, भिंतीला हुक लावून जशीच्या तशी उभी. आणि आदल्याच दिवशी दोघांचं कडाक्याचं वाजलं होतं. गिऱ्हाइकाचा मोठा आरसा घुम्याच्या हातून तडकला आणि ह्यांनी त्याला भर रस्त्यात झापलं. तो नेहमीसारखा मान खाली घालून गप्प. असल्या गप्प माणसाच्या पोटात काय असतं ते कोणाला दिसतं? इतकी वर्षं घरचा समजून वागवलं त्याला. पोलिसांनी नेलंय, ते बरं झालं.

आता माझं काम ऐक. दुपारी डॉक्टर म्हणाले, जरा घरी जाऊन या. मी बादली, फडकं आणि फिनेल घेऊन दुकानावर गेले. ह्यांचं रक्त तिथे फरशीवर तसंच पडून राहावं, हे मला सहन होईना गं. तर दाराला पिवळी फीत, आणि फितीपुढे एक पोलीसबाई. तुझ्याहून लहान, पण उभी अशी की खांबच रोवलाय.

"काकू, बादली खाली ठेवा."

"अगं, दुकान माझं आहे. रक्त माझ्या नवऱ्याचं आहे."

"म्हणूनच ठेवा."

मी भांडले, रडले, तिच्या आईबापांचा उद्धार केला. ती ढिम्म. व्यापारी संघाचे अध्यक्ष आले, "मी पाच मिनिटं आत डोकावतो," म्हणाले. ती म्हणाली, "या ना साहेब, फक्त नाव-पत्ता आणि आत जायचं कारण सांगा, लिहून घ्यावं लागेल." त्यांना लगेच दुसरं काम आठवलं.

तू त्यांच्यातलीच आहेस. तुझ्या हाताखाली शिकलेलं कोणीतरी असेलच इथे. एक फोन कर आणि मला दुकान पुसू दे.

तुझी वहिनी


६ मार्च, गुरुवार

प्रिय वहिनी,

पत्र मिळालं, दोनदा वाचलं. पाय प्लास्टरात, म्हणून मी इथे खुर्चीला खिळलेली आणि दादा तिथे. चोरांच्या मागे धावून मोडला असता तर सांगायला तरी बरं होतं. न्हाणीघरात साबणावरून घसरून मोडला. माझे विद्यार्थी माझ्यासमोर हसत नाहीत एवढंच.

फोन करणार नाही. जखमी माणूस माझा भाऊ आहे, म्हणून तर या तपासात मी बोटभरसुद्धा शिरायचं नाही. रागावू नकोस. आणि तुझ्या त्या खांबाबद्दल सांगते: मी नव्या पोरांना पहिल्या दिवशी हेच शिकवते. आधी जखमीला मदत, मग दार धरायचं. आत कोण गेलं, का गेलं, कुठून गेलं, सगळं नोंदवायचं. साहेब असो की घरचं माणूस, कामाशिवाय कोणी आत नाही. सगळे ऐकतात, मान डोलावतात. पण रडणारी बायको समोर आली की अर्धेअधिक विरघळतात. "जा काकू, पटकन पुसून या." ही विरघळली नाही. मला तिचा अभिमान वाटला.

तू पुसायला निघालीस ती मायेने, हे मला कळतं. पण ते रक्त कुठे थेंब होऊन पडलंय, कुठे ओघळलंय, कुठे उडालंय, यावरून तिथे काय झालं ते वाचता येतं. पुसलं की वाचायला काही उरत नाही.

एक काम मात्र कर. दवाखान्यात दादाचा शर्ट कापून काढला असेल. तो कुठे आहे विचार. धुऊ नकोस, प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नकोस. ओलं रक्त प्लास्टिकमध्ये सडतं. कागदी पिशवीत घालून नर्सने स्वतः पोलिसांच्या हाती द्यावा.

घुम्यानेच केलं, असं तू लिहितेस. असेल. नसेलही. मला माहीत नाही, आणि खरं सांगायचं तर तुलाही माहीत नाही.

मी पोलिसात जायचं म्हटलं तेव्हा घरात कोणी माझ्याशी बोलत नव्हतं. तू एकटी दादाशी भांडलीस आणि मला परीक्षेला घेऊन गेलीस. ते मी एक दिवसही विसरलेले नाही. म्हणून तुला गोड लागेल असं खोटं मी लिहिणार नाही.

तुझी चिंगी


९ मार्च, रविवार

प्रिय चिंगी,

शर्टाचं विचारलं. नर्सने तो पहिल्याच दिवशी कागदी पिशवीत घालून, सही घेऊन पोलिसांना दिला होता. तुम्हा लोकांचं आपसात संगनमत असावं.

चांगली बातमी आधी. काल ह्यांनी बोट हलवलं. मी हाक मारली की पापणी थरथरते. डॉक्टर हसले; इतक्या दिवसांत त्यांचे दात पहिल्यांदाच दिसले.

घुम्या अजून कोठडीत. त्याची बायको परवा इथे आली होती, दाराशी उभी राहून नुसती बघत होती. मी पाठ फिरवली. काय बोलायचं तिच्याशी?

इन्स्पेक्टरही येऊन गेले. माणूस शांत आहे. त्यांनी विचारलं, पोलीस यायच्या आधी दुकानात तुम्ही कशाला हात लावला का, काही हलवलं का? मी म्हटलं, मला कुठलं भान! कशाला हात नाही लावला. पुढच्या सोमवारी, म्हणजे सतरा तारखेला, दुकानाच्या किल्ल्या परत देणार आहेत. त्यांचं तिथलं काम झालंय म्हणाले. सुटले बाई. त्याच दिवशी सगळं घासून काढते आणि ती हातोडी परत आली तर नदीत फेकते.

ह्यांचा चष्मा मी पुसून उशाशी ठेवलाय. डाव्या काचेचा टवका उडालाय, चष्मेवाल्याकडे टाकायला सवड झालेली नाही. पण डोळे उघडल्यावर पहिला हात चष्म्यालाच जाणार. त्याशिवाय ते मला ओळखायचे नाहीत. लग्नात हार घालताना माझ्या बहिणीपुढे उभे राहिले होते, आठवतंय ना?

पायाला जप. प्लास्टरमध्ये पेन्सिल घालून खाजवू नकोस, आत अडकते.

तुझी वहिनी


११ मार्च, मंगळवार

प्रिय वहिनी,

फोन उचलला होता. नंबर फिरवला आणि ठेवून दिला. फोनवर तू "नाही" म्हणाली असतीस, आणि एकदा म्हटलेलं "नाही" मागे घेणं तुला किती जड जातं ते मी लहानपणापासून बघतेय. कागदावर तुला विचार करायला जागा राहील.

दादाचा चष्मा तुझ्याकडे कसा आला?

तो दवाखान्यात त्याच्या डोळ्यांवर असता तर शर्टाबरोबर नर्सने तोही पोलिसांना दिला असता. म्हणजे तो तू दुकानातून उचललास. गोंधळात, पोलीस यायच्या आधी. कुठून उचललास, वहिनी? टेबलाजवळून, की आणखी कुठून?

इन्स्पेक्टरांना तू "हात नाही लावला" म्हणालीस. का म्हणालीस तेही मला कळतं. ते चष्मा पिशवीत घालून घेऊन जातील, आणि दादा जागा झाला तर त्याला काही दिसणार नाही, याची भीती वाटली. तुझ्या जागी मलाही वाटली असती. पण आज एक माणूस कोठडीत आहे. तो म्हणतो शिडीवरून पडले. पोलीस म्हणतात टेबलाशी मारलं. चष्मा पडला कुठे, हे सांगणारं जगात तुझ्याशिवाय कोणी नाही.

तो टेबलाजवळ मिळाला असेल तर कदाचित तुझंच खरं. मी घुम्याची वकील नाही.

चष्मा आता पुन्हा पुसू नकोस. कागदाच्या पाकिटात घाल, इन्स्पेक्टरांकडे जा आणि होतं तसं सांग. पुसलं ते पुसलं, पण ती जागा तुझ्या लक्षात असेल. जा, पण सतरा तारखेच्या आत. किल्ल्या तुझ्या हाती आल्या की दुकानात कोणीही काहीही ठेवू-काढू शकतं, मग तिथे काही मिळालं तरी त्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही. आत्ता ती बाई दारात उभी आहे तोवरच ती खोली खरं बोलू शकते.

चिंगी


१३ मार्च, गुरुवार

वन्संबाईंना नमस्कार.

तुम्ही माझी उलटतपासणी घेतलीत, आभारी आहे. पंचवीस वर्षांत माझ्यावर खोटेपणाचा आळ कोणी घातला नव्हता, तो घरच्या माणसाने घातला.

चष्मा बोळात मिळाला. शिडीच्या पायाशी, पट्ट्यांच्या ढिगाच्या कडेला. त्याने काय सिद्ध होतं? भांडणात उडून गेला असेल. घुम्याने लाथाडला असेल. तुम्ही त्याची बाजू घ्या, तुमचा भाऊ इथे नळ्या लावून पडलाय त्याची मी घेते.

चष्मा मी कोणाला देणार नाही. तुम्ही आधी बहीण आहात की आधी पोलीस, ते एकदा ठरवा.

- तुमची भावजय


१५ मार्च, शनिवार

प्रिय वहिनी,

दोन्ही आहे. त्यातलं एक काढून ठेवता आलं असतं तर या आठवड्यात काढून ठेवलं असतं.

सोमवारी सकाळी, किल्ल्या द्यायच्या आधी, मी इन्स्पेक्टरांना फोन करून चष्म्याचं सांगणार आहे. तुझ्या नकळत करायचं नाही, म्हणून आधी लिहितेय. तू स्वतः गेलीस तर त्याला वेगळं वजन येईल. मला तेच हवंय.

तू माझ्याशी बोलणं टाकलंस तरी मी दर आठवड्याला पत्र लिहीत राहीन.

तुझी चिंगी


१८ मार्च, मंगळवार

प्रिय चिंगे,

तुझं पत्र आज हातात पडलं. मी रविवारीच जाऊन आले.

शनिवारी संध्याकाळी ह्यांनी डोळे उघडले! लगेच कळवायला फोन केला होता तेव्हा आपण दोघी नुसत्या रडलो, बाकी काही बोललोच नाही. ते आता सांगते. ह्यांनी उशाशी चाचपलं, मी चष्मा डोळ्यांवर चढवला. तुटक्या काचेतून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "घुम्या आला का?" रोज सकाळी चहा पिताना विचारतात ना, अगदी तसं. मी म्हटलं, "अहो, तुम्हाला काय झालं, आठवतंय का?" तर म्हणतात, "कोणाला काय झालं?" आरसा तडकला ते आठवत नाही, भांडण आठवत नाही, त्या सकाळचं काही म्हणजे काही आठवत नाही. डॉक्टर म्हणतात, ते बहुतेक परत यायचंही नाही.

म्हणजे तू म्हणत होतीस तेच. ती जागा मला एकटीलाच माहीत. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. घुम्या आला का, घुम्या आला का, एवढंच कानात. सकाळी ह्यांना म्हटलं, "चष्मा जरा देता? काम आहे." त्यांनी काढून दिला आणि मी समजून भिंतीकडे बघून हसले, मी भलतीकडे उभी होते.

इन्स्पेक्टर माझ्यावर ओरडतील असं वाटलं होतं. ते ओरडले नाहीत. पाकीट घेतलं, वर माझं नाव नि तारीख घातली आणि म्हणाले, "जागा दाखवाल?"

दुकानाच्या दारात आपला खांब उभाच. तिने माझ्या पावलांवर कागदी पिशव्या चढवल्या, हात मागे बांधायला लावले आणि म्हणाली, "काकू, मी पाय ठेवीन तिथेच पाय ठेवा." मी लहान मुलीसारखी तिच्यामागून गेले. बोळ तसाच होता. शिडीजवळ उभ्या पट्ट्यांचा गठ्ठा कलंडून मांडणीवर रेलला होता, मला वाटलं तो नेहमीच तसा असतो. इन्स्पेक्टरांनी आधी फोटो काढले, मग एकेक पट्टी उचलली. खाली मांडणीचा लोखंडी कोपरा. त्याला सुकलेलं रक्त आणि ह्यांचे पांढरे केस. मी तोंडावर हात ठेवणार, तर बाई हळूच म्हणाली, "हात मागे." आणि खाली धुळीत, बॅटरीच्या उजेडात, काचेचा टवका चमकला. नखाएवढा. चिमट्याने उचलून डबीत घातला, डबीला सील केलं, मी डोळ्यांनी पाहिलं.

इन्स्पेक्टरांनी डबीवर सही केली. मग म्हणाले, "हे आम्हाला पहिल्याच दिवशी दिसायला हवं होतं." मोठा माणूस असं म्हणतो हे मी पहिल्यांदा ऐकलं.

बाहेर आले आणि पायरीवरच बसले. त्या पहिल्या दुपारी बाईने मला आत सोडलं असतं तर मी बोळसुद्धा घासला असता गं. सगळं फिनेलने धुऊन लखलखीत केलं असतं. आणि घुम्या जन्मभर आत राहिला असता, मी जन्मभर त्याला शिव्या घातल्या असत्या.

मी तिला म्हटलं, "पोरी, तुझे उपकार कसे फेडू?" ती लाजली. पहिल्यांदाच माणसासारखी दिसली. म्हणाली, "काकू, त्या दिवशी तुम्ही माझ्या आईचा उद्धार केलात. ती मला रोज विचारते, आज कोणी शिव्या दिल्या का? दिल्या म्हटलं की म्हणते, मग काम नीट झालं."

तुझ्यावर रागावले होते ते विसर.

तुझी वहिनी


२१ मार्च, शुक्रवार

प्रिय वहिनी,

सोमवारी इन्स्पेक्टरांना फोन केला, तर तू आदल्याच दिवशी येऊन गेली होतीस. तुझं पत्र वर्गात वाचलं. नाव-गाव सगळं वगळून, नव्या पोरांना. एरवी पंख्याकडे बघत बसणारी पोरं टाचणी पडली तर ऐकू यावी अशी बसली होती. एकीने विचारलं, "मॅडम, ज्या बाई स्वतः सांगायला गेल्या त्यांना शिक्षा झाली का?" मी म्हटलं, ते इन्स्पेक्टर ठरवतील, पण मला विचाराल तर मी त्यांच्या पाया पडेन.

खरंच पडेन. आम्ही दार धरतो, फोटो काढतो, पाकिटांवर सह्या करतो. पण माहिती ज्याच्याकडे असते त्याने तोंड उघडलं नाही तर आमच्या साऱ्या पाकिटांना अर्थ नाही. तू नवरा आणि राग दोन्ही बाजूला ठेवून गेलीस. मला जमलं असतं का, माहीत नाही.

दादाला सांग, त्याची बहीण नवा चष्मा करून देणार आहे. फ्रेम त्यानेच निवडावी, त्याला त्यातलं कळतं.

तुझीच,
चिंगी


२९ मार्च, शनिवार

प्रिय चिंगे,

प्रयोगशाळेचं उत्तर आलं. टवका चष्म्यात अगदी बसला. कोपऱ्यावरचं रक्त ह्यांचंच. हातोडीवर रक्त होतं ते वरून ठिबकलेलं, मारल्याचं नव्हे. चक्कर येऊन पडले असावेत, असं डॉक्टरही म्हणतात. घुम्याने बोळातून उचलून गोणपाटावर घालून बाहेर आणलं, आत हवा नव्हती म्हणून; वाटेत रक्त सांडलं नाही ते त्यामुळे. जे तो पहिल्या दिवसापासून दोन शब्दांत सांगत होता तेच निघालं. त्याला परवा सोडलं. मला इन्स्पेक्टरांनी खडसावलं, लेखी जबाब घेतला, आणि मग पाणी दिलं.

काल मी घुम्याच्या घरी गेले. आयुष्यात पहिल्यांदा. तू म्हणशील इतक्या वर्षांत पहिल्यांदा? हो, पहिल्यांदाच. एक खोली, पण आरशासारखी स्वच्छ. त्याच्या बायकोने मला बघितलं आणि दारातून बाजूला झाली. मी पाठ फिरवली होती तशी तिने फिरवली नाही. खुर्ची पुसून पुढे ठेवली.

मी वाटेत काय काय बोलायचं ते जुळवून नेलं होतं.  त्यातलं एवढंच म्हटलं, "घुम्या, मी तुझ्याबद्दल वाईट वाईट बोलले. सगळ्या गल्लीत बोलले."

तो म्हणाला, "तुम्ही जाऊन सांगितलंत ना, वहिनी. नसतं सांगितलं तर मी काय करणार होतो?"

मी त्याचे आभार मानायला गेले होते आणि तोच माझे मानत होता. दोघांनाही कुठे बघावं कळेना. त्याची बायको चहा घेऊन आली ते बरं झालं.

मग मला आठवलं. परवा रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर ह्यांना बघायला आला होता, तो म्हणाला, "तुमचा तो माणूस त्या दिवशी एक क्षण गप्प बसला नाही. आम्ही आत शिरलो तेव्हाही मालकांच्या कानाशी हळू आवाजात अखंड बोलत होता. म्हणून आम्हाला वाटलं, श्वास चालू आहे." मला खरं वाटलं नव्हतं; मी तिथेच होते, पण रडण्याच्या नादात काही ऐकलं असेल तर शपथ. घुम्या आणि बोलतो? म्हणून विचारलं, "काय बोलत होतास रे ह्यांच्याशी?"

त्याने कप खाली ठेवला. म्हणाला, "काय बोलणार, वहिनी. झोपू नयेत म्हणून दिवसभराची कामं सांगत होतो. कोणाची फ्रेम द्यायचीय, कोणाची काच बदलायचीय. कामं संपली, तरी गाडी येईना. मग उद्याची सांगितली."

तुझी वहिनी